पेशींच्या भिंती आणि विजेचें मोजमाप

मनुष्याच्या शरीराकडे आपण बाहेरून पाहतों तेव्हां तें एकसंध व अखंड असल्यासारखें भासतें. परंतु शास्त्रदृष्टीनें पाहूं गेल्यास तें अनेक दालनांच्या एखाद्या जुन्या वाड्यासारखें आहे. या वाड्यांत रक्ताचें दालन निराळें, आंतड्यांतील अन्नरसाचें निराळें, फुप्फुसांतील हवेचें निराळें, आणि मेंदूचें तर सर्वांहून निराळें. दोन दालनांच्या मध्यें भिंत ही असलीच पाहिजे, आणि तशी ती आहेहि. मात्र ती दगडविटांची नसून जिवंत पेशींची आहे. आंतड्याच्या आंतल्या अंगास किंवा रक्तवाहिन्यांच्या आंतल्या बाजूस पेशींचा जो एकेरी थर असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या कांहीं शतांशांहून अधिक नसते. तरीहि तो थर रात्रंदिवस पहारा करीत असतो. अन्नांतील सत्त्व आंत घ्यावयाचें, पण रोगजंतु व विषें बाहेर ठेवावयाचीं, असें दुहेरी काम त्यास करावें लागतें.

ही भिंत ढासळली तर काय होतें हें वैद्यांस चांगलें ठाऊक आहे. फुप्फुसांतील भिंत गळूं लागली कीं हवेच्या जागीं पाणी भरतें व रोगी गुदमरतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सैल झाली कीं मेंदूला सूज येते. उलट, भिंत शाबूत असली तरी अडचण संपत नाहीं. मेंदूच्या रोगावरील औषध रक्तांत कितीहि घातलें, तरी ही भिंत त्यास आंत जाऊं देईलच असें नाहीं. म्हणून अशी भिंत जिवंत असतांनाच, तिला धक्का न लावतां, ती घट्ट आहे कीं गळकी हें कसें ओळखावें, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे. त्यावर रोग्यांचे प्राण अवलंबून आहेत. या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर विजेच्या साह्यानें सांपडलें आहे. तें आपल्या शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या ओमच्या नियमावरच उभें असल्यामुळें वाचकांनीं थोडें लक्ष दिल्यास त्यांस तें पूर्णपणें समजण्यासारखें आहे.

भिंतीची ओळख

अशा भिंतींपैकीं मेंदूच्या भिंतीचा सुगावा प्रथम रंगामुळें लागला. १८८५ सालीं जर्मनींतील पॉल एर्लिख यांनीं प्राण्यांच्या रक्तांत कांहीं रंग सोडले असतां बहुतेक सर्व अवयव रंगले, पण मेंदू मात्र कोराच राहिला. एर्लिख यांस वाटलें कीं, मेंदूला तो रंग धरतच नसावा. पुढें त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनीं १९१३ सालीं प्रयोगाची बाजू उलटी केली. त्यांनीं रंग रक्तांत न सोडतां मेंदूभोवतालच्या पाण्यांत सोडला. आतां मेंदू निळा झाला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें! मेंदूस रंग धरतो, परंतु रक्त व मेंदू यांच्यामध्यें कांहींतरी आड येतें, हें यावरून उघड झालें. गुरूच्या अनुमानाची परीक्षा शिष्यानें प्रयोगानेंच केली, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हें आड येणारें काय, तें दिसावयास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली. १९६३ सालीं न्यूयॉर्क येथें मॅरिलिन फारक्वार व जॉर्ज पलाडी यांनीं दाखविलें कीं, शेजारशेजारच्या पेशी वरच्या कडेला एकमेकींस इतक्या बिलगलेल्या असतात कीं, त्यांच्यामधील फट तेथें जणूं बुजूनच जाते. गवंडी दोन विटांमधील सांधा चुन्यानें भरतो, तसाच हा प्रकार. हा चुना प्रथिनांचा आहे. जपानांतील शोइचिरो त्सुकिता व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं ऑक्लुडिन व १९९८ सालीं क्लॉडिन हीं त्यांतील मुख्य प्रथिनें शोधून काढलीं. दोन्ही नांवें ‘बंद करणें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलेलीं आहेत. मात्र गवंड्याचा चुना एकदां वाळला कीं वाळला. पेशींचा चुना जिवंत आहे. भोवतालच्या पाण्यांतील कॅल्शियम काढून घेतलें कीं हे सांधे सुटतात, आणि तें परत घातलें कीं कांहीं तासांनीं पुन्हां जुळतात.

वीजच कां?

शरीरांतील सर्व द्रव थोडेबहुत खारट आहेत. मीठ पाण्यांत विरघळलें कीं त्याचे धन व ऋण विद्युद्भाराचे कण सुटे होतात, आणि वीज वाहून नेण्याचें काम हेच कण करतात. पेशीचें आवरण मात्र स्निग्ध पदार्थाचें असल्यामुळें त्यांतून असे कण सहजासहजीं जाऊं शकत नाहींत. तेव्हां पेशींच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंस खारें पाणी ठेवून वीज सोडली, तर तिला जाण्यास मुख्य वाट उरते ती दोन पेशींमधील सांध्यांची. सांधे घट्ट असतील तर वीज थोडी जाईल. सैल असतील तर पुष्कळ जाईल. म्हणजे भिंतीचा विद्युद्रोध मोजणें हें सांध्यांची घट्टपणाची परीक्षा घेण्यासारखेंच झालें.

भातखाचराच्या बांधाचा दाखला येथें घेतां येईल. खेंकड्यानें बांधाला बीळ पाडलें तर तें डोळ्यांस दिसेलच असें नाहीं. पण सकाळीं खाचरांतील पाणी उतरलेलें पाहून शेतकरी तात्काळ ओळखतो कीं, बांध कोठेंतरी फुटला आहे. बीळ न पाहतां वाहून गेलेल्या पाण्यावरून त्याची मोजदाद करावयाची, हीच येथील युक्ति आहे. फरक एवढाच कीं, पाण्याच्या जागीं वीज आहे.

विजेनें अदृश्य वस्तु मोजण्याचें सामर्थ्य किती मोठें आहे याचें एक उदाहरण देतों. १९२५ सालीं ह्यूगो फ्रिके यांनीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रक्तांतील तांबड्या पेशींची विद्युत् सांठविण्याची शक्ति, म्हणजे धारिता, मोजली. ती दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.८१ मायक्रोफॅरड भरली. तीवरून गणित करून त्यांनीं पेशीच्या आवरणाची जाडी सुमारें ३.३ नॅनोमीटर असावी असें काढलें. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांपैकीं तीनांहून किंचित् अधिक एवढी ही जाडी! तें आवरण त्या वेळीं कोणीहि प्रत्यक्ष पाहिलेलें नव्हतें.

पुढें कोपनहेगनचे हान्स उसिंग यांनीं बेडकाची कातडी दोन पाण्याच्या कप्प्यांच्या मध्यें पडद्यासारखी बसवून तींतून जाणारा विद्युत्प्रवाह मोजला. १९५१ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी त्सेरान यांनीं प्रसिद्ध केलेला तो प्रयोग या शास्त्राचा पाया समजला जातो. कातडी ही नुसती भिंत नसून ती मिठांतील सोडियम स्वतःच्या श्रमानें एका बाजूकडून दुसरीकडे ओढते, असें त्यावरून सिद्ध झालें. हा भेद महत्त्वाचा आहे. पटकीच्या रोग्याच्या आंतड्यांतून पाण्याचे लोट वाहतात तेव्हां भिंतच फुटली असावी असें वाटणें साहजिक आहे. परंतु कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं ज्या विषाचें अस्तित्व दाखवून दिलें, तें विष मुख्यत्वेंकरून पेशींस क्षार व पाणी बाहेर टाकावयास लावतें, असें पुढील संशोधनावरून ठरलें. पाणी गेलें म्हणून भिंत पडली असें नव्हे. भिंतीची परीक्षा वेगळीच घ्यावी लागते.

पेल्यांतील भिंत आणि तिचें गणित

प्रयोगशाळेंत अशी भिंत वाढविण्याची रूढ रीति अशी: प्लॅस्टिकच्या एका लहान पेल्याचा तळ कापून त्याजागीं अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी बसविलेली असते. हा पेला दुसऱ्या मोठ्या पेल्यांत टांगतात व दोहोंत पेशींचें पोषक द्रव घालतात. जाळीवर पेशी पेरल्या कीं त्या वाढून सर्व जाळी झांकून टाकतात. आंतड्याच्या अभ्यासाकरितां मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांतील कर्करोगाच्या गांठीपासून मिळविलेल्या ‘काको-२’ नांवाच्या पेशी फार वापरल्या जातात. त्यांस पूर्ण तयार होण्यास सुमारें २१ दिवस लागतात. मग एक विद्युदग्र वरच्या द्रवांत व एक खालच्या द्रवांत बुडवून रोध मोजावयाचा.

आतां थोडें गणित करूं. समजा, पेशी पेरण्यापूर्वीं नुसत्या जाळीचा व द्रवाचा रोध १२० ओम भरला, आणि पेशी वाढल्यावर तो ४२० ओम झाला. तर पेशींचा स्वतःचा रोध ४२० वजा १२० म्हणजे ३०० ओम. पण एवढ्यानें भागत नाहीं. जाळी मोठी असती तर विजेस अधिक वाटा मिळून रोध कमी भरला असता. दोन दारें असलेल्या सभागृहांतून लोक एका दाराच्या सभागृहापेक्षां लवकर बाहेर पडतात, तसेंच हें. क्षेत्रफळ दुप्पट तर रोध निम्मा. म्हणून रोध व क्षेत्रफळ यांचा गुणाकार मात्र कायम राहतो. जाळीचें क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर असेल तर गुणाकार ३०० × १.१२ म्हणजे ३३६ ओम-चौरस सेंटिमीटर झाला. येथें पुष्कळ विद्यार्थी भागाकार करून बसतात; त्यांनीं वरील दोन दारांचें उदाहरण आठवावें.

या मापानें निरनिराळ्या भिंतींची तुलना करतां येते. मूत्रपिंडांतील कांहीं नलिकांची भिंत मुद्दामच सैल असते व तिचें माप दहाच्या आसपास भरतें. उलट कोपनहेगन येथें क्रोन व ओलेसेन यांनीं १९८२ सालीं बेडकाच्या मेंदूवरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें माप घेतलें तें सरासरी १,८७० ओम-चौरस सेंटिमीटर इतकें भरलें. एर्लिख यांचा रंग मेंदूंत कां शिरला नाहीं याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे.

आणखी दोन खुणा सांगावयास पाहिजेत. पहिली, एकाच दिशेनें वाहणारी वीज बराच वेळ सोडली तर विद्युदग्रांवर भार सांचतो व माप चुकतें. शिवाय पेशींसहि इजा पोंचते. म्हणून दिशा वरचेवर पालटणारा अगदीं मंद प्रवाह वापरतात. दुसरी, प्रवाह सोडण्यास दोन विद्युदग्र व दाब मोजण्यास दुसरे दोन, अशी वांटणी केली म्हणजे विद्युदग्रांचा स्वतःचा रोध मापांत मिसळत नाहीं.

चिपचा अवतार

पेल्यांतील पेशींस एक उणीव असते. त्यांच्या अंगावरून कांहीं वाहत नाहीं. शरीरांत मात्र रक्तवाहिनीच्या पेशींवरून रक्त अखंड घासत जातें, फुप्फुस ताणलें जातें, आंतडें आवळतें व सैल होतें. हे सर्व धक्के पेशींस शिस्त लावतात; त्यांवांचून त्या आपलें खरें रूप धारण करीत नाहींत.

यावर उपाय म्हणून सूक्ष्म नळ्यांची चिप पुढें आली. सिलिकनच्या गुळगुळीत चकतीवर प्रकाशाच्या साह्यानें नळ्यांचे उंचवटे तयार करून सांचा बनवितात. त्यावर सिलिकोन रबराचा पातळ रस ओततात. तो उष्णतेनें घट्ट झाला कीं सोलून काढतात. उंचवट्यांच्या जागीं रबरांत चर उमटलेले असतात. हार्वर्ड विद्यापीठांतील जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालच्या सुमारास ही रीति इतकी सोपी केली कीं, ती हळूहळू सर्व जगांतील प्रयोगशाळांत पसरली. असे दोन चर एकमेकांवर ठेवून मध्यें सच्छिद्र पडदा घातला कीं वरून एक द्रव व खालून दुसरा द्रव वाहणारी, आगपेटीहून लहान अशी दोन मजली इमारत तयार होते. पडद्यावर पेशी वाढवावयाच्या.

त्याच विद्यापीठाच्या वीस संस्थेंत डॅन ह व डोनाल्ड इंग्बर यांनीं २०१० सालीं अशा चिपवर फुप्फुसाची भिंत उभी केली. पडद्याच्या एका अंगास फुप्फुसाच्या पेशी व हवा, दुसऱ्या अंगास रक्तवाहिनीच्या पेशी व द्रव. बाजूच्या पोकळ्यांतील हवा ओढून घेतली कीं पडदा श्वास घेतल्यासारखा ताणला जातो. २०१२ सालीं याच चिपवर कर्करोगावरील एका औषधाची परीक्षा झाली. तें औषध दिलेल्या कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांत पाणी भरतें, हें वैद्यांस माहीत होतेंच. चिपमध्येंहि हवेच्या बाजूस पाणी झिरपूं लागलें; आणि श्वासाचा ताण चालू असतांना गळती अधिक होते असेंहि दिसलें. त्याच वर्षीं आंतड्याची चिप तयार झाली. तींत वाहता द्रव व लयबद्ध ताण मिळतांच काको-२ पेशी तीन आठवडे न घेतां कांहीं दिवसांतच घड्या घालून आंतड्याच्या अंकुरांसारखा आकार घेऊं लागल्या.

गळती ओळखण्यासाठीं रंगद्रव्य एका बाजूस सोडून तें दुसऱ्या बाजूस किती पोंचलें हें पाहण्याची एक रीति आहे. परंतु ती सावकाशीची आहे, आणि रंगद्रव्य पेशींच्या भोंवतीं मिसळून राहतें. विजेची रीति मात्र क्षणांत उत्तर देते व मागें कांहीं ठेवीत नाहीं. म्हणून तीच भिंत तासातासानें, दिवसेंदिवस मोजतां येते. ट्वेंटे विद्यापीठांतील ग्रीप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं प्लॅटिनमच्या तारा बसविलेल्या चिपमध्यें मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या मानवी पेशी वाढविल्या. स्थिर द्रवांत त्यांचें माप सुमारें ३७ ओम-चौरस सेंटिमीटर होतें. द्रव वाहता करतांच तें सुमारें १२० पर्यंत चढलें. आणि शरीरांत दाह उत्पन्न करणारें एक प्रथिन घालतांच तें एकदम खालीं उतरलें. वाहत्या द्रवाच्या घर्षणानें भिंत बळकट होते, व दाहानें ती सैल होते, या दोन्ही गोष्टी एकाच लहानशा चिपनें सांगितल्या.

लहान नळीची मोठी अडचण

येथपर्यंतची कथा वाचून असें वाटेल कीं, आतां काम संपलें. परंतु या विषयांतील खरा धडा येथूनच सुरू होतो.

पेल्यांतील द्रव ऐसपैस असतो. त्याचा रोध थोडा. चिपमधील नळी केसासारखी बारीक असते. समजा, नळी १ सेंटिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद व मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी उंच आहे. पोषक द्रवाचा विशिष्ट रोध ६५ ओम-सेंटिमीटर धरला, तर नळीचा छेद ०.१ × ०.०१ म्हणजे ०.००१ चौरस सेंटिमीटर, आणि तींतील द्रवाचा रोध ६५ भागिले ०.००१ म्हणजे ६५,००० ओम होतो. आतां पेशींचें माप १०० ओम-चौरस सेंटिमीटर व पडद्याचें क्षेत्रफळ ०.१ चौरस सेंटिमीटर असेल, तर पेशींचा रोध अवघा १,००० ओम. ज्याची परीक्षा करावयाची तो एक हजाराचा, आणि त्यापर्यंत पोंचण्याची वाटच पासष्ट हजारांची!

याचा परिणाम पाहा. खाऱ्या द्रवाचा रोध उष्णता एक अंशानें वाढली कीं सुमारें शेंकडा २ नें घटतो. ६५,००० चे शेंकडा २ म्हणजे १,३०० ओम. म्हणजे खोलीची खिडकी उघडली म्हणून चिप एका अंशानें थंड झाली, तर जो फरक पडेल तो सबंध पेशींच्या भिंतीच्या रोधाहूनहि अधिक! भिंत घट्ट झाली असें समजून संशोधक आनंद मानील, आणि वस्तुतः वाऱ्याची झुळूक आली असेल.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. क्षेत्रफळानें गुणतांना आपण असें गृहीत धरतों कीं, वीज सर्व पडद्यावर सारखी पसरते. लांबट नळीच्या टोंकाशीं विद्युदग्र असला तर असें घडत नाहीं. भिंत सैल असेल तर वीज लांब जाण्याचे श्रम न घेतां जवळच्याच भागांतून पलीकडे उतरते; भिंत घट्ट असेल तेव्हांच ती दूरवर पसरते. म्हणजे थोड्याच भागाचा रोध मोजून आपण त्यास सबंध क्षेत्रफळानें गुणतों, आणि फुगलेला आंकडा हातीं येतो.

हा दोष माथ्यू ओडाइक, इंग्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं गणितानें उघड करून दाखविला. त्याच पेशी, तीच रीति, तरीहि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे एकमेकांशीं जुळत नव्हते. पेला व चिप यांच्या आंकड्यांत तर फारच अंतर पडे. तें अंतर पुष्कळसें पेशींतील नसून उपकरणाच्या आकारांतून निघालेलें आहे, असें त्यांनीं आंतड्याच्या चिपवर पडताळून पाहिलें. त्यांनीं आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. पेशींच्या थरांत शेंकडा ०.४ एवढीच जागा उघडी राहिली, तरी रोध सुमारें शेंकडा ८० नें खालीं येऊं शकतो. खेंकड्याचें बीळ बांधाच्या मानानें केवढें असतें! पण सबंध खाचर रिकामें करण्यास तें पुरेसें होतें. म्हणून माप उतरलें तर सर्वच सांधे सैल झाले कीं एके ठिकाणीं पेशी निघून गेल्या, हें सूक्ष्मदर्शकानें पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

उपाय तीन

या अडचणींवर तीन मुख्य उपाय योजण्यांत आले.

पहिला उपाय विद्युदग्र जवळ आणण्याचा. नळीच्या टोंकांशीं तारा खुपसण्याऐवजीं पडद्याच्या थेट वर व थेट खालीं सोन्याचा पातळ मुलामा देतात. त्यामुळें वाटेंतील द्रवाचा रोध कमी होतो. वीस संस्थेंत २०१७ सालीं असे विद्युदग्र असलेल्या चिप तयार करून त्यांवर श्वासनलिकेच्या व आंतड्याच्या मानवी पेशींची भिंत अनेक दिवस मोजण्यांत आली.

दुसरा उपाय बीजगणिताचा आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीं कागदावर करून पाहावा. दोन नळ्या एकमेकींस छेदून जातात व छेदस्थानीं पडदा आहे असें समजा. वरच्या नळीच्या दोन टोंकांस क व ख, आणि खालच्या नळीच्या दोन टोंकांस ग व घ असे विद्युदग्र आहेत. क पासून ख पर्यंत मोजलें तर वरच्या दोन्ही भुजांचा रोध मिळतो. ग पासून घ पर्यंत मोजलें तर खालच्या दोन्ही भुजांचा. क पासून ग पर्यंत मोजलें तर वरची एक भुजा, पडदा व खालची एक भुजा; ख पासून घ पर्यंत मोजलें तर उरलेल्या दोन भुजा व पुन्हां पडदा. आतां शेवटच्या दोन मापांच्या बेरजेंतून पहिल्या दोन मापांची बेरीज वजा करा. चारहि भुजा नाहींशा होऊन पडद्याच्या रोधाची दुप्पट तेवढी शिल्लक राहते! तिची निमपट केली कीं उत्तर आलें. चार विद्युदग्रांच्या एकंदर सहा जोड्या होतात. उरलेल्या दोन जोड्या पडताळ्यासाठीं उपयोगीं पडतात. ट्वेंटे विद्यापीठांतील मारिंके व्हान डेर हेल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं चार विद्युदग्र व सहा मापें घेऊन याच तत्त्वावर पेशींचा रोध निराळा काढून दाखविला. शाळेंत एकसामयिक समीकरणें सोडवितांना ‘याचा उपयोग काय?’ असें ज्यांस वाटतें, त्यांस हें उत्तर पुरे व्हावें.

तिसरा उपाय अनेक आंदोलनसंख्यांनीं मोजण्याचा. पेशीचें आवरण मंद आंदोलनांच्या विजेस अडवितें, पण आंदोलनें जलद केलीं कीं तें धारित्राप्रमाणें वागून विजेस वाट देतें. म्हणून मंद आंदोलनांत भिंत व द्रव या दोहोंचा रोध दिसतो, आणि फार जलद आंदोलनांत केवळ द्रवाचा. दोहोंची वजाबाकी केली कीं भिंत वेगळी पडते. आणि खोली थंड झाली तर तो फरक दोन्ही मापांत येत असल्यामुळें बहुतांशीं कटून जातो. शिवाय मधल्या आंदोलनांवरून आवरणाची धारिता कळते. आंतड्याच्या पेशी घड्या घालूं लागल्या कीं आवरणाचें क्षेत्रफळ वाढून धारिता वाढते. अशा रीतीनें, फ्रिके यांनीं १९२५ सालीं लावलेल्या वेलीला चिपमध्यें नवें फळ आलें आहे.

उपयोग व मर्यादा

नवीन औषध मनुष्यास देण्यापूर्वीं तें प्राण्यांवर पारखून पाहण्याची रीति जुनी आहे. परंतु उंदराची भिंत ती मनुष्याची भिंत नव्हे. उंदरास सोसलें तें मनुष्यास सोसेलच असें नाहीं, आणि उंदरास जें बाधलें तें मनुष्यास कदाचित् तारक ठरलें असतें. अमेरिकेंत डिसेंबर २०२२ मध्यें झालेल्या कायद्यानें औषधाच्या परवानगीसाठीं प्राण्यांवरील प्रयोगांची सक्ति काढून टाकली व पेशींवर आधारलेल्या परीक्षांसहि पुराव्याचें स्थान दिलें. त्यामुळें चिपची जबाबदारी वाढली आहे. जो साक्षीदार न्यायालयांत उभा राहणार, त्याची उलटतपासणी कसून व्हावयास पाहिजे.

या साक्षीदारांतहि उणीवा आहेत. सिलिकोन रबर कांहीं स्निग्ध स्वभावाचीं औषधें स्वतःच शोषून घेतें. मग पेशींपर्यंत किती पोंचलें हें कळत नाहीं. कर्करोगाच्या गांठीतून आलेल्या पेशी निरोगी मनुष्याच्या पेशींप्रमाणें सर्व बाबतींत वागत नाहींत. विजेचें माप क्षारांच्या लहान कणांची वाट सांगतें. मोठ्या रेणूंची वाट त्याहून निराळी असूं शकते. म्हणून विचारी संशोधक विजेचें माप, रंगद्रव्याची गळती व सूक्ष्मदर्शकांतील दर्शन, या तिहींचा मेळ बसल्यावांचून निर्णय देत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या विषयाचीं मूळ तत्त्वें आपल्या पाठ्यपुस्तकांबाहेरचीं नाहींत. ओमचा नियम, क्षेत्रफळ, समीकरणें, मिठाच्या पाण्यांतून वीज जाते ही गोष्ट, एवढ्या सामग्रीवर ही विद्या उभी आहे. मात्र तिनें शिकविलेली गोष्ट परीक्षेंतील गुणांपेक्षां मोठी आहे. यंत्राच्या तोंडावर आंकडा उमटला म्हणजे सत्य हातीं आलें असें होत नाहीं. तो आंकडा कोणत्या वाटेनें आला, वाटेंत त्यांत काय मिसळलें, आणि जें मोजावयाचें होतें तेंच मोजलें गेलें कीं नाहीं, हें विचारणाऱ्यालाच शास्त्रज्ञ म्हणावें. आपल्या आवडीच्या निकालाला पुष्टि देणारा आंकडा आला असतां तर हा प्रश्न अधिकच कठोरपणें विचारला पाहिजे. कारण त्या आंकड्यावर विसंबून उद्यां कोणा रोग्याला औषध दिलें जाणार आहे. पेशींची भिंत इतकी पातळ असूनहि आपलें काम चोख बजावते. तिची परीक्षा घेणाऱ्यानें तिच्याहून कमी दक्ष असून चालणार नाहीं.